मुंबई–न्यूयॉर्क : सोळाच तास? जरा थांबा!

कुणाचा भाऊ एडिसनला, कुणाची मैत्रीण मॅनहॅटनला, तर कुणाचा स्वतःचाच व्हिसा लागायच्या बेतात. 'तिकडे' किती लांब, याचं उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ असतं. सोळा तास, डायरेक्ट फ्लाइट! पण हे सोळा तास नक्की कुठून कुठपर्यंत मोजायचे?

शनिवार, २० सप्टेंबर २०२५. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावस्या, सोमवारी घटस्थापना. सुट्टी टाकून घरी आलेले कित्येक एच-वन-बीवाले सकाळी उठले, मोबाईल पाहिला आणि उडालेच! अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आदल्या दिवशी एका आदेशावर सही केली होती. एच-वन-बी व्हिसासाठी फी एक लाख डॉलर. लागू कधीपासून? तर रविवारी न्यूयॉर्कच्या घड्याळात मध्यरात्रीचे १२ वाजून १ मिनिट झालं की. म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी ९.३१. बड्या कंपन्यांच्या मेल्स धडाधड येऊन पडल्या होत्या. देशाबाहेर असाल तर मुदतीच्या आत परत या, आत असाल तर जागचे हलू नका.

आता करा हिशेब. पुण्यात सकाळी सात वाजता मेल वाचली, तर हातात साडेसव्वीस तास. फ्लाइट सोळा तासांची. म्हणजे दहा तास शिल्लक. आरामात जमेल की! पण नाही जमत, बॉस. मुंबईहून अमेरिकेची विमानं बहुतेक मध्यरात्रीनंतर सुटतात. रात्री दीडच्या विमानात सीट मिळाली असती, तरी ते उतरलं असतं आपल्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला. मुदत संपून आठ तास झालेले!

तिकिटांचे भाव भडकले. सॅन फ्रान्सिस्कोत तर दुबईला निघालेल्या विमानात बसलेले काही प्रवासी बातमी वाचून खाली उतरले. मग शनिवारीच व्हाइट हाउसकडून खुलासा आला, की ही फी फक्त नव्या अर्जांना आहे, ज्यांच्याकडे आधीपासून व्हिसा आहे त्यांना नाही. हुश्श! पण त्या एका वीकएंडनं एक गोष्ट सॉलिड शिकवली. फ्लाइटचा वेळ आणि पोचायचा वेळ, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सरळ रेष वाकडी असते

सुरुवात अंतरापासून करू. मुंबई ते न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळापर्यंतचं कमीत कमी हवाई अंतर साधारण १२,५३० किलोमीटर आहे.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई आणि न्यूयॉर्क जोडलंत, तर रेष अरबस्तान, आफ्रिकेचा उत्तर भाग आणि अटलांटिक महासागर अशी जाते. एकदम सरळ आणि एकदम चुकीची! नकाशावरच्या त्या रेषेनं खरंच उडालात तर अंतर पडेल जवळजवळ १४,२०० किलोमीटर. म्हणजे सुमारे १,७०० किलोमीटर फुकटचे. कारण पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट. संत्र्याची साल कागदावर दाबून बसवली की जे होतं, तेच नकाशाचं होतं. वरचा, म्हणजे उत्तरेकडचा भाग ताणला जातो आणि आहे त्यापेक्षा मोठा दिसतो.

सगळ्यात जवळचा रस्ता शोधायची सोपी युक्ती म्हणजे पृथ्वीचा गोल घ्या आणि दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा मुंबईहून पश्चिमेला जातच नाही! तो वायव्येला, खरं तर उत्तरेकडेच जास्त झुकून निघतो. सिंध, कंदाहारचा परिसर, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या आसपास, मग स्कँडिनेव्हिया. आइसलँडच्या अलीकडे तो ६५ अंश उत्तर अक्षांशाच्या जवळ, म्हणजे जवळपास आर्क्टिक वृत्ताला टेकतो. तिथून खाली वळत ग्रीनलँडचं दक्षिण टोक, कॅनडाचं लॅब्राडोर आणि शेवटी न्यूयॉर्क. समोरच्या सीटच्या पाठीवरच्या स्क्रीनवर विमान ग्रीनलँडजवळ दिसलं म्हणून पायलट रस्ता चुकला असं समजायचं कारण नाही. तोच शॉर्टकट आहे.

आता या शॉर्टकटवर कोण कोण बसलंय ते परत वाचा. पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. कळलं पुढचं टेन्शन?

आभाळालाही कुंपण असतं

प्रत्येक देशाच्या डोक्यावरचं आभाळ त्या देशाच्या मालकीचं. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्ताननं ते बंद केलं आणि पूर्ण उघडलं थेट जुलैत. मग २०२२ साल. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर अमेरिकी कंपन्यांना रशियावरून उडणं बंद झालं. युनायटेडनं तर नेवार्क–मुंबई ही फ्लाइटच थांबवली. एअर इंडियाला मात्र रशियाचं आभाळ मोकळं राहिलं. म्हणजे शहरं तीच, पण तिकिटावर नाव कुणाचं त्यावर रस्ता ठरणार!

पुढे पहलगामच्या हल्ल्यानंतर, २४ एप्रिल २०२५ ला, पाकिस्ताननं भारतीय विमानांना पुन्हा दार लावलं. काही दिवसांत भारतानंही तेच केलं. बंदीची मुदत मग महिन्या-महिन्यानं वाढत गेली. सुरुवातीला उत्तर अमेरिकेच्या काही फ्लाइट्सना इंधन घ्यायला व्हिएन्नासारख्या ठिकाणी थांबावं लागलं. यात मुंबईपेक्षा दिल्लीला जास्त फटका बसतो. मुंबईच्या पश्चिमेला थेट अरबी समुद्र आहे, त्यावरून पाकिस्तानला वळसा घालता येतो. दिल्लीवाल्यांना आधी खाली यावं लागतं, मग बाहेर पडता येतं.

अर्थात मुंबईलाही नेहमी सुटका नसतेच. १३ जून २०२५ ला इस्रायलनं इराणवर हल्ला केला आणि इराणचं आभाळ बंद झालं. त्या दिवशी मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेलं एअर इंडियाचं विमान अर्ध्या वाटेतून मुंबईलाच परत आलं, आणि न्यूयॉर्कहून मुंबईला येणारं विमान सौदी अरेबियात जेद्दाला उतरवावं लागलं. इतके तास हवेत काढून पोचलात कुठे? तर जिथून निघालात तिथेच!

जाताना सोळा, येताना साडेचौदा. का?

समजा सगळी आभाळं मोकळी आहेत. मोठं जेट विमान ताशी साधारण ९०० किलोमीटरनं उडतं. १२,५३० ला ९०० नं भागा. उत्तर येतं चौदा तासांच्या किंचित आत. मग जाताना सोळा तास कसे लागतात?

उत्तर आहे वारा. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटरवर, म्हणजे नेमकं जिथे विमानं उडतात तिथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याच्या जोरदार नद्या वाहत असतात. त्यांना म्हणतात जेट स्ट्रीम. विषुववृत्त गरम, ध्रुव थंड, आणि खाली पृथ्वी गरगर फिरतेय, या सगळ्यातून हे वारे तयार होतात. हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त. न्यूयॉर्कला जाताना हा वारा छातीवर घ्यायचा आणि येताना पाठीवर. ताशी ऐंशी किलोमीटरचा वारा सतत समोरून आला, तर ९०० चा वेग जमिनीच्या हिशेबानं ८२० उरतो. त्यात थोडा वळसा, धावपट्टीवरची रांग, वर चढणं, खाली उतरणं. झाले सोळा तास.

वाऱ्याची करामत बघायचीय? फेब्रुवारी २०२० मध्ये किआरा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक जम्बो न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एका टप्प्यावर जमिनीच्या हिशेबानं त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. इंजिनं तीच, पायलट तसेच. जादा वेग वाऱ्याचा.

आणि सोळा तास उडायचं म्हणजे पेट्रोल पंप वाटेत नाही. बोइंग ७७७-३००ईआर विमानाच्या टाक्यांत सुमारे १ लाख ८१ हजार लिटर इंधन मावतं. त्याचं वजन जवळपास १४५ टन, आणि विमानाचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन ३५१ टन. म्हणजे टाक्या फुल्ल केल्या तर चाळीस टक्के वजन नुसत्या इंधनाचं! गंमत अशी, की सुरुवातीच्या तासांत यातलं बरंचसं इंधन पुढच्या तासांचं इंधन वाहून न्यायलाच जळतं. एवढी ताकद असलेली विमानं यायला वेळ लागला. १९४८ च्या ८ जूनला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं आणि पोचलं १० जूनला. न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली १४ मे १९६० ला, बोइंग ७०७ विमानानं, लंडनमार्गे. एअर इंडियाचं मुंबईहून कुठेही न थांबता न्यूयॉर्क गाठणारं विमान आलं ते १ ऑगस्ट २००७ ला.

डायरेक्ट की व्हाया?

'व्हाया दुबई म्हणजे केवढा वळसा!' असं आपण सहज म्हणतो. जरा आकडे बघा.

मुंबई–दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई–न्यूयॉर्क सुमारे ११,०००. बेरीज १२,९३०. थेट अंतरापेक्षा फक्त चारशे किलोमीटर जास्त, म्हणजे विमानाच्या भाषेत अर्धा तास. व्हाया लंडन तर आणखी मजा. ७,२१० अधिक ५,५४०, म्हणजे १२,७५०. जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर जास्त!

म्हणजे वळसा हवेत नाहीये, तो जमिनीवर आहे. एक जादा उतरणं, एक जादा सिक्युरिटी, गेट शोधायची धावपळ आणि तीन-चार तास ड्यूटी फ्रीमध्ये चॉकलेटचे डबे उचलून खाली ठेवणं. त्यातून सोळाचे वीस-बावीस तास होतात. पण व्हाया रस्त्याचा एक मोठा फायदा आहे. डायरेक्ट फ्लाइट दिवसातून एखादीच असते आणि व्हाया फ्लाइट्स सकाळ-संध्याकाळ-रात्र कधीही मिळतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कोथरूड ते एडिसन

आता खरा हिशेब, दारापासून दारापर्यंतचा.

पुण्यात कोथरूडहून मुंबईच्या टर्मिनल टूला पोचायला, एक्स्प्रेस-वेचा घाट आणि शहरातलं ट्रॅफिक धरून, चार तास. विमान सुटायच्या तीन-साडेतीन तास आधी हजर. फ्लाइट सोळा तास. उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, बॅगांची वाट, कस्टम्समध्ये लोणच्याच्या बरणीवरून होणारी चौकशी, सगळं मिळून दोन तास. जेएफकेपासून न्यू जर्सीतलं एडिसन साठेक किलोमीटर, त्याला दीड तास.

टोटल मारा. सत्तावीस तास. सोळा तासांच्या प्रवासातले अकरा तास जमिनीवर! आणि हे सगळं वेळेवर झालं तर.

विमानं गेल्या साठ वर्षांत फारशी वेगवान झालेली नाहीत. सातशेसातचा वेग आजच्या विमानांच्या आसपासच होता. वेळ वाचला तो थांबे कमी झाल्यामुळे. यापुढे वाचेल तोही बहुधा जमिनीवरच. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ ला देशांतर्गत उड्डाणं सुरू झाली. पुणेकरांना घाट उतरल्यावर मुंबई ओलांडावी लागली नाही, तर वाचणारा एखादा तास हा कुठल्याही नव्या इंजिनापेक्षा जास्त कामाचा ठरेल.

घड्याळाचं अंतर

किलोमीटर झाले, तास झाले. तिसरं अंतर घड्याळाचं. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांचं घड्याळ एक तास पुढे जातं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे येतं. यूएस क्लायंटबरोबर काम करणाऱ्यांना हे कॅलेंडर न बघता कळतं, कारण संध्याकाळी साडेसहाचा कॉल एकाएकी साडेसातला जातो आणि जिमची वेळ गेली म्हणून समजा!

त्यातला तो अर्धा तास आपल्याकडचा. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर ठरते. मुंबईची मात्र बरीच वर्षं स्वतःची वेगळी वेळ होती, 'बॉम्बे टाइम'. प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आली तरी मुंबईनं आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. निव्वळ सूर्याच्या हिशेबानं बघितलं तर मुंबई आणि न्यूयॉर्कमध्ये पावणेदहा तासांहून थोडं जास्त अंतर आहे.

शरीराला हेच अंतर सगळ्यात उशिरा पार होतं. ढोबळ हिशेब असा, की एका तासाच्या फरकाला एक दिवस. आपल्या आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा जरासं मोठं असतं. त्यामुळे उशिरा झोपणं जमतं, पण लवकर झोपणं जड जातं. म्हणून पूर्वेकडचा, म्हणजे न्यूयॉर्कहून मुंबईला यायचा प्रवास जास्त छळतो. दहा दिवसांच्या रजेवर आलेला भाऊ आठवडाभर रात्री तीनला फ्रीज उघडतो आणि दुपारी जेवणाच्या ताटावर पेंगतो. त्याला हसू नका. माणूस पोचलाय, त्याचं घड्याळ अजून वाटेत आहे.

'थांबायचं का?'

हे सगळं आकड्यांचं पुराण कशासाठी? तर एका फोनसाठी. ज्यांचं कुणी तिकडे आहे, त्यांच्या मनात तो फोन कुठेतरी दबा धरून बसलेला असतो. 'बाबांना अॅडमिट केलंय, निघ.' किंवा त्याहून वाईट. आणि मग घरातली मोठी माणसं हळू आवाजात विचारतात, 'थांबायचं का?' त्या क्षणी सगळ्यांच्या डोक्यात एकच आकडा असतो. सोळा तास. उद्या संध्याकाळपर्यंत येईलच की!

तर तोही हिशेब एकदा शांतपणे करून ठेवू. समजा उन्हाळा आहे आणि सोमवारी रात्री दहाला पुण्याहून फोन गेला. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा दुपारचे साडेबारा. डायरेक्ट फ्लाइट दुपारी बाराची असेल तर ती नुकतीच सुटलेली. दुसऱ्या दिवशीची पकडली, तर मुंबईत बुधवारी दुपारी बारा आणि पुण्यात घरी संध्याकाळी साडेपाच. फोनपासून त्रेचाळीस तासांच्या वर.

आता दुसरा पर्याय. सोमवारी रात्रीच दहाला सुटणारी, वाटेत थांबणारी, एकूण वीस तासांची फ्लाइट. ती मुंबईत येते बुधवारी पहाटे साडेतीनला. पुण्यात सकाळी नऊ. फोनपासून पस्तीस तास. साडेपाच तासांनी 'लांब' असलेला रस्ता साडेआठ तास आधी घरी पोचवतो! अशा वेळी डायरेक्ट फ्लाइट शोधायची नसते, आधी पोचणारी शोधायची असते.

आणि कधी कधी विमान असतं, सीटही असते, पण कागद नसतात. अमेरिकेत राहायचा परवाना चालू असतो, पण पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली असते. निघता येतं, पण भारतात नवा शिक्का मिळेपर्यंत परत जाता येत नाही. नोकरी, घराचं भाडं, मुलांची शाळा, सगळं त्या शिक्क्यावर. मग साडेबारा हजार किलोमीटरचे किती होतात, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

म्हणून हे बोलणं आजारपणात नको, चांगल्या दिवसांत करून ठेवा. थांबायचं की नाही, किती थांबायचं, दहाव्याला पोचला तरी चालेल का. घरोघरी उत्तर वेगळं असेल. पण ते आधी ठरलेलं असलं, तर त्या रात्री निर्णय घेणाऱ्या काकांच्या किंवा धाकट्या बहिणीच्या डोक्यावरचं ओझं कमी होतं. आणि विमानात एकट्या बसलेल्या माणसाच्याही.

चौकट : हे आजच करून ठेवा

• पासपोर्ट आणि व्हिसाच्या शिक्क्याच्या तारखा घरातल्या दोघांना माहीत असू द्या.

• तिकडे जन्मलेल्या मुलांकडे अमेरिकी पासपोर्ट असेल, तर त्यांना भारतात यायला ओसीआय कार्ड किंवा व्हिसा लागतो. अडचणीच्या दिवशी आठवून उपयोग नाही.

• ग्रीन कार्डाचा अर्ज मधल्या टप्प्यात असेल, तर देशाबाहेर पडण्याआधी काय लागतं ते वकिलाला आत्ताच विचारा.

• युरोपमार्गे तिकीट काढताना ट्रान्झिट व्हिसा लागतो का, ते आधी बघा.

• दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं असली आणि पहिलं विमान लेट झालं, तर दुसरी कंपनी थांबत नाही.

• इकडच्यांनी, फोन करताना 'किती वाजता निघतोस?' एवढंच विचारू नका. 'घरी किती वाजता पोचशील?' ते विचारा, आणि गाडी त्या हिशेबानं पाठवा.